पहिली ओळ आबांची

"तू दाबलंस."

"हो, दाबलं."

"कधी?"

"कधी म्हणजे? दाबलं तेव्हा दाबलं. आता मुहूर्त सांगू काय?"

"राही, मी थट्टा करत नाय. तीन वेळा विचारतं ते. फॉरमॅट करायचं का? मग परत. मग पिवळं चिन्ह दाखवून सांगतं, बाई गो, सगळं पुसलं जाईल. तू बी.कॉम. झालेली. इंग्रजी वाचता येतं तुला. तीनदा विचारल्यावर तीनदा होय म्हणालीस?"

"म्हणाले. चुकले. आता मला फाशी द्या आणि जेवायला बसा."

गुरुप्रसाद जमिनीवर मांडी घालून बसला होता. समोर कॉम्प्युटरचा डबा आडवा पडलेला, एका बाजूचा पत्रा काढलेला, आतल्या वायरी बाहेर लोंबत होत्या. त्याची बायको राही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मांदेली साफ करता करता तशीच उठून आली होती. खवल्यांनी चमकणारे दोन्ही हात तिने अंगापासून लांब धरले होते, जणू ते तिचे नव्हतेच.

"त्या ड्राइव्हात काय होतं, तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

"आणि तरी..."

पडवीत ठक्क, ठक्क असा आवाज झाला. पाटीची लाकडी चौकट कठड्यावर आपटली की समजायचं, आबा बोलवतायत. पण आज आबांनी कुणी बाहेर यायची वाट पाहिली नाही. तेच आत आले.

अंगात बनियन, कमरेला पंचा, गळ्यात राहीनं शिवलेला पांढरा रुमाल. त्या रुमालाच्या आड गळ्याला भोक होतं. श्वास तिथूनच आत जायचा, तिथूनच बाहेर यायचा, आणि आबा घाईत असले की रुमाल फडफडायचा. आत्ता तो फडफडत होता. त्यांनी पाटी मुलाच्या तोंडासमोर धरली. पाटीवर एकच अक्षर होतं.

मी.

आणि खाली, बारीक: तिला बोलू नको.

"आबा, कशाला लिहिलंत हो?" राही म्हणाली आणि दाराच्या चौकटीला टेकून तिथंच खाली बसली. "मी निभावून नेत होते की."

गुरुप्रसादनं पाटी वाचली. परत वाचली. मग हातातला स्क्रू ड्रायव्हर त्यानं उघड्या डब्यात ठेवला, एखाद्या मेलेल्या माणसाच्या उशाशी ठेवावा तसा, हळूच.

आबांचं, म्हणजे भागोजींचं, गाव लांज्याच्या आत, एसटी जिथून माघारी वळते त्याच्याही पुढं. घरचं भात कसंबसं शिमग्यापर्यंत पुरायचं, बाकी सगळा कातळ. वाडीतल्या पोरांसारखे तेही मिसरूड फुटायच्या आत मुंबईला गेले. फोर्टातल्या एका कचेरीच्या कॅन्टीनला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. ट्रे घेऊन टेबलाटेबलापाशी जायचं, 'साखर कमी, साहेब?' विचारायचं, 'होय साहेब' म्हणायचं, रिकामे कप उचलायचे. त्या कचेरीतल्या कुणाला विचारलं असतं की भागोजीचा आवाज कसा आहे हो, तर त्याला आठवून आठवून सांगता आलं नसतं.

गावाला मात्र तो आवाज ठाऊक होता. शिमग्यात देवीची पालखी निघायची, घरोघर फिरून सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या दगडी चौथऱ्यावर बसायची, ढोल थांबायचे, आणि भागोजी पुढं व्हायचे. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घरात होता, बापाकडून आलेला. हात जोडून, डोळे मिटून, सगळ्या गावाच्या वतीनं देवीशी बोलायचं. प्रत्येक ओळ संपली की गाव एका तोंडानं उत्तर देणार.

"बा म्हाराजा, आज तुजी पालखी सहाणंवर बसली..."

"व्हय म्हाराजा!"

"पोरं पोटाला म्हून लांब गेली, त्येंच्या वाटंवर तुजी नजर ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

"कुनाच्या मनात वाकडा आसंल, त्येचा सरळ कर..."

"व्हय म्हाराजा!"

माइक लागायचा नाही. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या वाडीत म्हातारी माणसं अंगणात उभी राहून तिथून होकार द्यायची. अकरा महिने भागोजी मुंबईला होय म्हणायचे. त्या एका दुपारी गाव त्यांना होय म्हणायचं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ते परत ट्रे उचलायला जायचे.

निवृत्त झाल्यावर बायको वारली, आणि ते रत्नागिरीत मुलाकडे आले. नाचणे रोडला भाड्याचं घर. गुरुप्रसाद नमनाचे खेळ करणाऱ्या मंडळांची, भजनांची, लग्नांची रेकॉर्डिंग करायचा. राही घरातूनच आंब्याच्या दोन व्यापाऱ्यांचे हिशेब सांभाळायची आणि शेजारपाजारचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची. भागोजी नातीला, वेदिकाला, शाळेत सोडायचे आणि येताना मासळी आणायचे. मग आवाज बसला. आधी वाटलं, सर्दी. मग वाटलं, तंबाखू. मग डॉक्टरांनी सांगितलं, घशातली पेटीच काढावी लागेल.

"म्हंजे बोलायचा कसा?" भागोजींनी विचारलं.

"बोलता नाही येणार, आजोबा."

"अजिबात?"

"जीव राहील."

"त्येचा नाय विचारला मी."

ऑपरेशनच्या आधी गुरुप्रसादनं मागच्या खोलीला चारी बाजूंनी गाद्या लावल्या. माइक लावला. बापाला खुर्चीत बसवलं.

"आबा, आधी रोजची वाक्यं घेऊ. चहा पाहिजे, नको, पंखा बंद कर..."

"त्येला हात हायत मला. खुना करीन. शिव्या भर आदी."

"आबा!"

"आरं, हातानं शिवी देता येती, पन मजा नाय येत. भर."

दोन शिव्या भरल्या. राही दाराबाहेर उभी राहून हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मग रोजची वाक्यं झाली. 'राही, चाय.' 'मीठ कमी हाय.' 'वेदू, हिकडं ये.' 'रघू आला वाटतं, माजी पान-सुपारी लपव.' मग वेदिकासाठी तीन गोष्टी. आणि सगळ्यांत शेवटी भागोजी खुर्चीतून उठले, उभे राहिले, हात जोडले, आणि त्यांनी अख्खं गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक ओळीनंतर थांबले. तेवढा वेळ, जेवढा गावाला होकार द्यायला लागतो. गादी लावलेल्या त्या खोलीत त्या थांबण्यात काहीच ऐकू येत नव्हतं. गुरुप्रसादच्या ओठांवर येत होतं, पण त्यानं ओठ दाबून धरले, रेकॉर्डिंग खराब होईल म्हणून.

घरातला कॉम्प्युटर एकच होता. राहीचं सगळं काम विंडोजवर. आणि गुरुप्रसादचा हात लिनक्सवर, विंडोजसारख्याच दुसऱ्या प्रणालीवर, बसलेला, आवाजाचं काम तो तिथंच करायचा. आबांसाठी त्यानं लिनक्सवरच एक पडदा तयार केला: मोठे मोठे चौकोन, प्रत्येक चौकोनात एक वाक्य, दाबलं की आबांचा आवाज. पण राहीच्या हिशेबांच्या जोडीला एकाच ड्राइव्हात ते ठेवायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं दुसरा ड्राइव्ह बसवला. एसएसडी, एकदम चपळ.

"एका घरात दोन चुली कशाला?" राहीनं विचारलं होतं.

"एक विझली तरी दुसरी पेटती राहील. तुझ्या ड्राइव्हाला काही झालं तर आबा बंद पडायला नकोत. आणि आबांना थांबायला लागू नये. बटण दाबलं की बोलता आलं पाहिजे."

काम त्यानं जपून केलं. लिनक्स चढवताना राहीच्या ड्राइव्हाची वायर काढून बाजूला ठेवली, म्हणजे चुकूनसुद्धा त्याला धक्का लागायला नको. दोन्ही ड्राइव्हांना आपापलं सुरू होणं दिलं, कुणी कुणावर अवलंबून नाही. मग वायर परत जोडून आबांच्या ड्राइव्हावर एक मेनू बसवला. मशीन चालू झालं की आधी तो मेनू यायचा. काळ्या पडद्यावर दोन ओळी. मराठीत लिहायला गेला, तर वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलं: पहिली ओळ आबा, दुसरी ओळ राही. कुणी काही दाबलं नाही, तर थोडं थांबून मशीन आपणहून पहिल्या ओळीवर जायचं. म्हणजे आबांनी फक्त स्विच दाबायचा आणि बसायचं.

आबांना शिकवताना तो म्हणाला होता, "मधेच काही विचारलं ना, तर घाबरायचं नाय. हे मशीन सारखं काय काय विचारतं. तुम्ही व्हय म्हाराजा म्हणायचं आणि एन्टर मारायचा."

भागोजींना ते फार आवडलं. हॉस्पिटलनं दिलेलं एक यंत्र होतं, हनुवटीखाली टेकवलं की भुंग्यासारखं गुणगुणत बोलायचं. वेदिका ते ऐकून टेबलाखाली लपली, तेव्हापासून ते कपाटात होतं. पण हा पडदा त्यांचा होता. रोज सकाळी स्विच, काळा पडदा, पहिली ओळ, आणि मग स्वयंपाकघरात ऐकू यायचं, "राही, चाय." मशीननं मधे कधी काही विचारलंच, तर ते हात जोडायचे, तोंडानं आवाज न करता ते दोन शब्द म्हणायचे आणि एन्टर मारायचे. घरात त्याचा खेळच झाला होता. राहीचा फॉर्म अडला की वेदिका ओरडायची, "आई, व्हय म्हाराजा म्हण!"

त्या साली शिमग्याला गुरुप्रसादनं भोंगा नेला. सहाणेवर भागोजी नेहमीच्या जागी उभे राहिले, हात जोडून, डोळे मिटून. आवाज भोंग्यातून आला. पहिल्या ओळीला गाव गोंधळलं, कुणाकडं बघायचं कळेना. दुसऱ्या ओळीला होकार आला. तिसऱ्या ओळीला तर माणसं रडत रडत होकार देत होती. चुलतभाऊ रघू तेवढा नंतर म्हणाला, "देवी म्हनली आसंल, ह्यो भागोजी तोंड मिटून बोलतो कसा?" सगळे हसले. भागोजीही हसले, रुमाल हलला.

हे सगळं मागच्या शिमग्याचं. आता परत शिमगा तोंडावर आला होता.

"आबा, काय झालं ते नीट सांगा," गुरुप्रसाद म्हणाला. "मी चिडत नाय."

आबांनी पाटी पुसली. लिहिलं. पुसलं. परत लिहिलं.

काळा पडदा नाय आला.

"मेनू आला नाय?"

मान नकारार्थी हलली. मग पाटीवर: निळा आला. राहीचा.

गुरुप्रसादनं डोळे मिटून घेतले. मदरबोर्डावर बटणाएवढा एक सेल असतो. लाइट गेली तरी मशीनला आपलं घड्याळ आणि आपला क्रम लक्षात राहावा म्हणून. तो कधीचाच मरायला टेकला होता. घड्याळ सारखं मागं पडायचं.

"मी सांगितलं होतं," राही म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "दोनदा सांगितलं. घड्याळ मागं जातंय, बघा. तुम्ही म्हणालात, आठवड्याभरात बदलतो."

"सीझन होता राही. लग्नं होती."

"हो. लग्नं होती."

लाइट रात्रभर गेलेली होती, सकाळी आली. मशीन आपला क्रम विसरलं होतं. आधी आबांचा ड्राइव्ह विचारायचा हे त्याला आठवलं नाही. ते सरळ राहीच्या ड्राइव्हावर गेलं. राही तेव्हा व्यापाऱ्याकडे कागद द्यायला गेली होती, गुरुप्रसाद दापोलीला नमनाच्या कार्यक्रमाला. आबांनी निळ्या पडद्याकडे बघितलं. त्यांचे चौकोन नव्हते. पण गुरुप्रसादनं एकदा दाखवलं होतं ते त्यांच्या लक्षात होतं: हे बघा आबा, इथं ड्राइव्ह दिसतात, एक राहीचा, आणि दुसऱ्यात तुमचा आवाज.

त्यांना दोन ड्राइव्ह दिसले.

दुसरा उघडायला गेलो, त्यांनी लिहिलं. माजा शोधायला.

"आणि त्यानं विचारलं."

विचारलं.

"आणि तुम्ही..."

आबांनी पाटी मांडीवर ठेवली. दोन्ही हात जोडले. ओठ हलले. मग उजव्या हाताचं बोट हवेत दाबून दाखवलं. एकदा. परत. परत.

राही उठली आणि आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालूच राहिला.

"मी आले तेव्हा पडद्यावरच्या पांढऱ्या रिकाम्या खिडकीसमोर बसलेले," ती आतूनच म्हणाली. "घामानं बनियन भिजलेलं. सारखे त्या रिकाम्या खिडकीत बोट लावत होते. मी म्हटलं, आबा, जा, आंघोळ करा, मी बघते. काय बघणार होते मी?"

गुरुप्रसादनं वायरी चाचपल्या. मग न विचारता सांगून टाकल्यासारखा म्हणाला, "खरं म्हणजे विंडोजला तो ड्राइव्ह दिसायलाच नको होता. लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे ड्राइव्हातला लिनक्सचा कप्पा, ते दाखवत नाय. बाजूनं निघून जातं."

"मग दिसला कसा?"

कसा, ते त्याला माहीत होतं. एसएसडी नवी कोरी नव्हती, आधी गिऱ्हाइकांच्या लग्नांच्या व्हिडिओंसाठी विंडोजखाली वापरलेली. त्यानं आतलं सगळं पुसून लिनक्स भरलं, पण पार्टिशनवरचा जुना शिक्का बदलायचा राहिला. आत लिनक्स, दारावर पाटी विंडोजची. म्हणून विंडोजनं आपलंच घर समजून दार उघडलं, आतली भाषा कळेना, आणि विचारलं: हे मोडकं दिसतंय, साफ करू?

हे त्यानं त्या दिवशी सांगितलं नाही.

"शिमग्याला नेताना पेन ड्राइव्हवर काढलेलं ना एक?" राहीनं विचारलं.

"तो... एका गिऱ्हाइकाचं मशीन करायचं होतं. लिनक्स चढवायला पेन ड्राइव्ह लागतो. घाईत तोच घेतला."

"आणि त्यावरचं?"

"नवं बसवताना आधीचं जातं."

नळ बंद झाला.

त्यानं कोल्हापूरला एका माणसाला फोन लावला. गेलेला डेटा काढून देणारा, म्हणे जळलेल्या ड्राइव्हातूनसुद्धा काढतो. फोन त्यानं स्पीकरवर ठेवला, आबांना ऐकू यावं म्हणून. ती त्याची आणखी एक चूक.

"फॉरमॅट झालंय? क्विक? मग काय टेन्शन नाही भावा, आणा इकडं. ड्राइव्ह कंचा?"

"एसएसडी."

"एसएसडी व्हय. जुनी फिरती हार्ड डिस्क असती तर उद्याच काढून दिलं असतं. एसएसडीला फॉरमॅट म्हटलं की ती लगेच आतूनच सगळं झाडून टाकते हो. फार हुशार अस्ती. तरी आणा, बघू. पण आशा लावून घेऊ नका. काय होतं त्यात, लग्न?"

"नाय," गुरुप्रसाद म्हणाला. "वडील."

"अरेरे. कधी वारले?"

आबांनी हात पुढं करून फोन बंद केला.

ड्राइव्ह कोल्हापूरला गेला आणि तसाच परत आला. मधल्या दिवसांत गुरुप्रसादनं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: मागच्या शिमग्याचे व्हिडिओ कुणाकडे असतील तर पाठवा. पुष्कळ आले. सगळ्यांत ढोल होते, धूळ होती, नाचणारी पालखी होती. गाऱ्हाण्याच्या वेळचे दोन होते. भोंगा लांब, माणसं जवळ; आबांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आणि त्यावर गर्दी. स्वच्छ ऐकू येत होतं ते एकच: व्हय म्हाराजा.

सकाळी भागोजी आता स्विच दाबत नव्हते. चहा हवा असला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे.

मग रघू आला. हातात ओल्या काजूगरांची पिशवी, पायात नवे बूट.

"काय रं गुरू, मशीन गेलं म्हनं?"

"मशीन हाय. आवाज गेला."

"तोच तो." रघू आबांशेजारी बसला, आवाज मोठा करून बोलायला लागला. आबांना ऐकू येत नाही असं गावात सगळ्यांना आता वाटायचंच. "भागोजीदादा, वाडीची बैठक झाली. सगळी म्हनली, यंदा काय करायचा? म्हनलं, दादाला इचारतो. मान तुजाच. तू पुढं उभा ऱ्हा. मी मागनं बोलतो. काय?"

राही चहा घेऊन आली होती. "काका, म्हणजे आबा नुसते उभे राहणार?"

"आगो, उभं ऱ्हायलाबी मान लागतो."

"आणि पुढच्या साली?"

"पुढच्याचा पुढं बगू." रघूनं चहा बशीत ओतला. "माजा पन घसा हाय बरा. हां, दादावानी नाय. पन चालू तरी हाय."

हसला तो एकटाच. आबांनी पाटीवर लिहिलं: बघू. रघूनं ते वाचलं, मान डोलावली आणि जाताना कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे एकदा बघून घेतलं.

त्या संध्याकाळी राहीनं आपला फोन आबांपुढं धरला. वेदिकाच्या वाढदिवसाचा जुना व्हिडिओ. पोरगी सरबताचा काठोकाठ भरलेला पेला दोन हातांत धरून येतेय, जीभ बाहेर, सगळं लक्ष पेल्यात. आणि चौकटीबाहेरून कुणीतरी म्हणतं:

"हळू गो, सांडशील."

संपला.

"एवढंच आहे आबा," राही म्हणाली. "माझ्याकडं एवढंच आहे."

आबांनी फोन घेतला. कानाला लावला, जणू पलीकडे कुणी आहे. लागोपाठ ऐकत राहिले. हळू गो, सांडशील. हळू गो, सांडशील. राहीला वाटलं ते रडतील, म्हणून ती समोर बसून राहिली. ते रडले नाहीत. गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं पण नाव आठवू नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

गुरुप्रसादनं ते बघितलं आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. जेवायला बोलवलं तरी उठेना. राही ताट घेऊन गेली, तेव्हा कानांवर हेडफोन, डोळे लाल.

"काय चाललंय?"

"बघशील. तोंडातून काढू नको अजून."

"मला नका सांगू. त्यांना सांगा. शिक्क्याचं पण सांगा."

तो चमकला. "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही झोपेत बडबडता. पार्टिशन, शिक्का, पार्टिशन. हिशेब करते मी, मला एवढं कळतं." तिनं ताट ठेवलं. "त्यांना वाटतंय, त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःला पुसलं. तेवढं तरी काढा त्यांच्या डोक्यातनं."

गावाला निघायच्या आदल्या दुपारी त्यानं आबांना मागच्या खोलीत बोलावलं. तीच खुर्ची. राही दारात. सेल नवा होता. मेनू परत आला होता, काळा पडदा, पहिली ओळ आबा.

"आबा, आधी एक सांगतो. तुमची चूक नव्हती. तो ड्राइव्ह राहीच्या बाजूनं दिसायलाच नको होता. मी पार्टिशनवरचा जुना शिक्का बदलला नाय, म्हणून दिसला. सेल मी बदलला नाय. पेन ड्राइव्ह मी पुसला. आणि विचारलं की होय म्हणा, हे पण मीच शिकवलं. तुम्ही काय केलं नाय. कळलं?"

आबा बघत राहिले. रुमाल शांत होता.

"आता हे ऐका."

त्यानं चौकोन दाबला.

आणि भागोजींचा आवाज आला. खराच आला. तोच खर्ज, तोच शेवटाला किंचित वर जाणारा हेल. राहीचा हात तोंडावर गेला.

"बा महाराजा, आज तुझी पालखी सहाणेवर बसली आहे. पोरं पोटासाठी लांब गेली आहेत, त्यांच्या वाटेवर तुझी नजर ठेव. कुणाच्या मनात वाकडं असेल..."

आवाज स्वच्छ होता. फार स्वच्छ. कुठं श्वास घेत नव्हता, कुठं थांबत नव्हता. एका ओळीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, होकाराला जागाच नाही. 'हाय' नव्हतं, 'आहे' होतं. कॅन्टीनमधल्या साहेबांनी भागोजींचा आवाज उसना घेऊन देवीला अर्ज वाचून दाखवावा तसं चाललं होतं.

"तुमच्या त्या 'सांडशील'मधून काढलाय," गुरुप्रसाद घाईनं सांगत होता, "आणि व्हिडिओंतून थोडा थोडा. एआयनं होतं आता. अजून हात फिरवायचाय. ते 'आहे'चं 'हाय' करतो. मधे जागा सोडतो. आज रात्रभर बसून करतो, निघेपर्यंत होईल. भोंग्यावर तर कुणाला काय कळणार पण नाय, आबा. रघूकाकाला मागं उभं राहायची गरजच नाय. तुम्ही पुढं, तुमचा आवाज. मागच्या सालासारखं."

गाऱ्हाणं संपलं.

"आबा?"

राही म्हणाली, "त्यांना विचार करू द्या जरा."

"विचार कसला? आबा, तुम्ही नाय म्हणालात तर मी पुसतो. आत्ता, इथं, तुमच्यादेखत. होय म्हणालात तर नेतो. तुमचा मान आहे, तुम्हीच ठरवायचं. होय की नाय, तेवढं सांगा."

त्यानं पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. खडू हातात दिला. पडद्यावर चौकोन तसाच उजळत होता.

आबांनी खडू बोटांत फिरवला. मग उठले. पाटी भिंतीच्या खिळ्याला अडकवली, कोरी. खडू तिच्या चौकटीवर ठेवला. खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला, बटणं लावली, अगदी वरचं गळ्याचंसुद्धा, मग श्वास अडला तसं ते परत काढलं.

"आबा, कुठं निघालात? आबा, मी काय विचारलं?"

पडवीत चपला सरकवल्याचा आवाज आला. मग फाटकाची कडी.

राही दारापर्यंत धावली. उन्हात नाचणे रोडवर पांढरा शर्ट चालला होता, एसटी स्टँडच्या दिशेनं, गावच्या गाडीच्या वाटेनं, मागं न बघता.